साडेतीन किलोंची बॅग आणि डॅन्यूबवरचा आठवडा : एका निवडीचं प्रकरण

ताईंचं वय चौसष्ट. फोटोग्राफी त्या हौस म्हणून करतात, पण मन लावून करतात : रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढणं, घरी आल्यावर एकेक फ्रेम निवडणं, मोठे प्रिंट करून भिंतीवर लावणं, सगळं. डावा खांदा मध्यंतरी आखडला होता. आता हात वर जातो, पण फिजिओथेरपिस्टने स्पष्ट सांगितलंय की गळ्यात किंवा खांद्यावर जड वस्तू तासन् तास लटकवायची नाही. अशात प्रवास ठरला : जर्मनीतलं पासाउ ते हंगेरीतलं बुडापेस्ट, डॅन्यूब नदीतून, सात रात्री बोटीवर. नदीच्या मार्गाने हे अंतर सुमारे ५८० किलोमीटर भरतं. सोबत काका. ते फोटो काढतात ते फोनवर, आणि बॅग उचलायला तयार असले तरी ताईंना ते नको होतं. "माझं ओझं मी उचलणार, नाहीतर कॅमेरा नेणार नाही," हे त्यांचं पहिलंच वाक्य.

त्यांच्याकडचं सामान असं : निकॉन डी७५० (बॅटरी-कार्डसह ८४० ग्रॅम), २४-७० मिमी एफ/२.८ व्हीआर (१०७० ग्रॅम), ७०-२०० मिमी एफ/२.८ (१४३० ग्रॅम) आणि ५० मिमी एफ/१.८ (१८५ ग्रॅम). एकूण ३५२५ ग्रॅम. (मिमीचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त येतो.) ट्रायपॉड, चार्जर आणि बॅगेचं स्वतःचं वजन वेगळं.

त्यांनी विचारलं होतं, हलका कॅमेरा कोणता घेऊ? मी म्हटलं, कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी बोटीचं बघू. हलक्या गिअरबद्दलचे बहुतेक सल्ले कॅमेऱ्यांच्या यादीपासून सुरू होतात आणि तिथेच घोळ होतो. यादीतला सगळ्यात हलका कॅमेरा घेतला जातो, आणि मग संध्याकाळी डेकवर उभं राहिल्यावर कळतं की तो नेमका इथेच कमी पडतोय. नदीतला प्रवास हा फोटोग्राफीच्या दृष्टीने फार ठरीव प्रकार आहे. विषय किती लांब असणार, बोट किती वेगाने जाणार, प्रकाश कधी कमी होणार, हे बरंचसं आधी मांडता येतं. ते मांडलं की काय घरी ठेवायचं ते आपोआप समोर येतं.

बोट काय मागते

पहिली गोष्ट अंतर. समुद्रातल्या क्रूझवर किनारा क्षितिजावर असतो. नदीत तो शे-दोनशे मीटरवर असतो. ऑस्ट्रियातल्या वाखाउच्या दरीत, म्हणजे मेल्क ते क्रेम्स या छत्तीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात, द्राक्षमळे, चर्चचे मनोरे, पडके किल्ले हे सगळं डेकवरून अगदी अंगाशी आल्यासारखं दिसतं. इथे ४०० किंवा ६०० मिमीची गरज पडत नाही. फुल फ्रेमच्या, म्हणजे ताईंच्या निकॉनसारख्या मोठ्या सेन्सरच्या, हिशोबात ३०० मिमीपर्यंत पोहोच असली की डोंगरमाथ्यावरचा भग्न बुरूजसुद्धा फ्रेममध्ये नीट बसतो.

दुसरी गोष्ट कंप. बोटीची इंजिनं मागच्या बाजूला असतात आणि त्यांची थरथर सगळ्या सांगाड्यातून फिरते. डेकवर ट्रायपॉड लावला की ती थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. कठड्यावर कॅमेरा टेकवला तरी तेच. त्यापेक्षा माणसाचं शरीर बरं : गुडघे किंचित सैल, कोपरं बरगड्यांना, कठड्यापासून चार बोटं लांब. म्हणजे ट्रायपॉड घरी. ताईंना हे पटायला वेळ लागला, कारण रात्रीचे फोटो म्हणजे ट्रायपॉड हे समीकरण त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. पण ज्या जमिनीवर ट्रायपॉड उभा करायचा ती जमीनच पुढे सरकतेय, तर दोन सेकंदांचं एक्स्पोजर द्यायचं कशाला?

तिसरी गोष्ट, आणि हीच लोक विसरतात, ती म्हणजे बोटीचा वेग. आजकालच्या कॅमेऱ्यांत स्टॅबिलायझेशन इतकं चांगलं असतं की माणूस निर्धास्त होतो. पण स्टॅबिलायझेशन हाताचा कंप थोपवतं. बोट आणि काठ यांच्यातली सापेक्ष गती त्याला दिसतच नाही. याचा हिशोब आम्ही कागदावर केला, तो इथे देतो.

बोट ताशी १८ किलोमीटरने चालली आहे असं धरू, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. काठावरचं घर १०० मीटरवर, बरोबर आडवं. लेन्स ७५ मिमी (खरी फोकल लेंग्थ), तर घराची प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला ३.७५ मिमी वेगाने सरकते. मायक्रो फोर थर्ड्सच्या (हलक्या कॅमेऱ्यांतला लहान सेन्सर, आम्ही हिशोबाला हाच धरला) २० मेगापिक्सेल सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ३.३ मायक्रॉनचा. दोन पिक्सेलपेक्षा जास्त फराटा नको असेल तर शटर, म्हणजे फोटो टिपण्याचा वेळ, १/५६० सेकंदाच्या आसपास हवं, म्हणजे व्यवहारात १/६४०. लेन्स १५० मिमी केली की दुप्पट, १/१२५०. कॅमेरा काठाबरोबर हलका फिरवत नेला तर थोडी सूट मिळते, पण मग पुढची झाडं पुसली जातात.

या एका हिशोबातून दोन निष्कर्ष निघाले. दिवसा उजेडात हा शटर स्पीड सहज मिळतो, त्यामुळे टेलिफोटो लेन्स एफ/२.८ असण्याची गरज नाही, एफ/४ पुरते. म्हणजे ताईंच्या बॅगेतली सगळ्यात जड वस्तू, ती १४३० ग्रॅमची लेन्स, पहिल्या फटक्यात बाहेर. आणि दुसरा : अंधार पडल्यावर टेलिफोटोने चालत्या बोटीतून काही करण्यात अर्थ नाही. रात्रीसाठी वाइड लेन्सच हवी, कारण जितकी लेन्स वाइड तितकी प्रतिमा सेन्सरवर सावकाश सरकते.

चौथी गोष्ट सगळ्यात सोयीची. बोट हीच तुमची खोली आहे. सकाळी बाहेर पडलात, दुपारी परत. हॉटेल बदलत हिंडणाऱ्या प्रवाशाला सगळं सामान सतत जवळ बाळगावं लागतं, नदीतल्या प्रवाशाला नाही. म्हणून बॅगेचं एकूण वजन हा आकडा इथे जवळजवळ निरर्थक आहे. एका वेळी अंगावर किती आहे, तेवढंच मोजायचं.

एकच अपवाद सांगून ठेवतो. डॅन्यूबचं पाणी उन्हाळ्यात फार उतरलं किंवा पुरात फार चढलं की काही टप्पे बोटीऐवजी बसने करावे लागतात, कधी बोटही बदलावी लागते. त्या दिवशी मात्र सगळी बॅग उचलायची असते.

बुडापेस्टची रात्र

या प्रवासातला सगळ्यात कठीण फोटो कोणता, हे ताईंना विचारायची गरज नव्हती. रात्री उजळलेलं हंगेरीचं संसद भवन, चालत्या बोटीतून. बाकी सगळे फोटो कुठल्याही बऱ्या कॅमेऱ्याने निघाले असते. म्हणून निवडीचा कस आम्ही याच फोटोवर लावला.

संसद भवन १९०४ साली पूर्ण झालं. लांबी २६८ मीटर, घुमटाची उंची ९६ मीटर, आणि नदीच्या अगदी काठावर, पेस्टच्या बाजूला. बोट समजा दीडशे मीटरवरून जाते आहे. मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरची रुंदी १७.३ मिमी. १७ मिमीची लेन्स (फुल फ्रेमच्या हिशोबात ३४) दीडशे मीटरवर सुमारे १५३ मीटर रुंदी टिपते. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त इमारत. १२ मिमीने २१६ मीटर. अजूनही दोन्ही टोकं कापली जातात. ९ मिमीने २८८ मीटर, आणि आता इमारत पूर्ण, बाजूला थोडी हवा ठेवून.

ताईंच्या पहिल्या यादीत १७ मिमी एफ/१.८ होती. छोटी, गोड लेन्स आहे, १२० ग्रॅमची, आणि गल्लीबोळात फिरायला तिच्यासारखी सोबत नाही. पण वरचा हिशोब पाहिल्यावर त्यांनी स्वतःच ती खोडली आणि पॅनासॉनिक-लायका ९ मिमी एफ/१.७ लिहिली. वजन १३० ग्रॅम. दहा ग्रॅमच्या फरकात संसद भवन पूर्ण मिळालं, शिवाय चर्चच्या आतल्या कमानी आणि पासाउमधल्या अरुंद गल्ल्याही.

आता प्रकाश. रात्री बोट हळू चालते. ताशी ८ किलोमीटर धरले तर सेकंदाला सुमारे २.२ मीटर. दीडशे मीटरवर, ९ मिमी लेन्सला, दोन पिक्सेलच्या मर्यादेत राहायचं तर १/२० सेकंद चालतं. दिव्यांनी उजळलेल्या इमारतीचा प्रकाश साधारण ईव्ही ४ (ईव्ही हे उजेडाचं माप) धरला तर एफ/१.७ ला, १/२० ला, आयएसओ ४०० पुरतो. आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ती वाढवली की फोटो दाणेदार होतो. हाच फोटो एफ/४ च्या झूमवर, १२ मिमीला काढायचा तर शटर १/३० आणि आयएसओ ३२०० च्या घरात जातो. तीन स्टॉपचा, म्हणजे तीनदा दुप्पट, फरक, आणि तोही सव्वाशे ग्रॅमच्या एका लेन्समुळे.

त्याहून महत्त्वाची तुलना जुन्या सामानाशी. डी७५० आणि २४-७० एफ/२.८ ने, २४ मिमीला, याच कसोटीवर १/३० आणि आयएसओ १६०० लागला असता. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळपास चौपट, म्हणजे ढोबळमानाने दोन स्टॉपचा फायदा. फुल फ्रेमचा आयएसओ १६०० आणि छोट्या सेन्सरचा ४०० यांची दाणेदारी साधारण सारखीच दिसते. १९१० ग्रॅमची जुनी जोडी आणि ५४४ ग्रॅमची नवी जोडी (ओएम सिस्टिमचा ओएम-५ हा मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा आणि ९ मिमी), त्या एका फोटोपुरत्या, एकाच पायरीवर आल्या. ९ मिमीची फ्रेम जास्त रुंद आहे, ती कापून २४ मिमीइतकी केली तर हा फायदा घटतो, हे खरं. पण संसद भवन पूर्ण हवं असेल तर कापायचं काही कारणच नाही.

हा हिशोब कागदावर उतरल्यावर ताईंच्या मनातली एक अढी सुटली. हलकं घेतलं म्हणजे दर्जा सोडला, ही ती अढी. सरसकट पाहिलं तर मोठा सेन्सर मोठाच राहतो, त्यात वाद नाही. पण या बोटीवर, या अंतरावर, या वेगाला, जड सामानाचा फायदा जिथे दिसायला हवा होता तिथेच तो दिसत नव्हता.

बाकीचे पर्याय

सोनी आरएक्स१००चं सातवं मॉडेल ३०२ ग्रॅमचं, २४-२०० मिमीची पोहोच, खिशात मावणारं. खांद्याचा विचार केला तर याहून चांगलं काही नाही. पण एक इंची सेन्सर, टेलिफोटोला एफ/४.५, पाण्याच्या तुषारांपासून संरक्षण नाही, आणि ताईंना हातात धरायला फार लहान. दिवसा फिरणाऱ्या माणसाला मी हाच डोळे झाकून सुचवला असता.

सोनी ए७सी टू आणि टॅमरॉन २८-२०० हा पर्याय मात्र दमदार होता आणि त्यावर आमची बरीच चर्चा झाली. फुल फ्रेम, एकच लेन्स, ५१४ अधिक ५७५ म्हणजे १०८९ ग्रॅम. लेन्स बदलायची कटकट नाही. दोन गोष्टी आड आल्या. २८ मिमी बोटीवर पुरेसं वाइड नाही, त्यामुळे २० मिमी एफ/१.८ (३७३ ग्रॅम) जोडावी लागते. आणि एका लेन्सची सोय म्हणजे ते १०८९ ग्रॅम सतत गळ्यात. चर्चसमोर चहा घेत बसलात तरी गळ्यात, गल्लीतून चाललात तरी गळ्यात. ज्याचा खांदा धड आहे त्याने हा पर्याय खुशाल घ्यावा.

ओएम-५ वर १२-१०० एफ/४ लावली तर ९७५ ग्रॅम. तीच अडचण, थोडी कमी. लेन्स उत्तम आहे, पण गल्लीत फिरताना २०० मिमीपर्यंतची पोहोच वापरली जात नाही आणि तिचं वजन मात्र वाहावं लागतं.

डी७५० वर फक्त ५० मिमी लावून न्यायचा, हेही काकांनी सुचवलं होतं. १०२५ ग्रॅम, नवीन काही घ्यायला नको. पण मग वाखाउतले किल्लेही गेले आणि संसद भवनही.

काय ठरलं

ओएम सिस्टिमचा ओएम-५, ४१४ ग्रॅम. १२-४५ मिमी एफ/४, २५४ ग्रॅम. ४०-१५० मिमी एफ/४, ३८२ ग्रॅम. ९ मिमी एफ/१.७, १३० ग्रॅम. एकूण ११८० ग्रॅम, म्हणजे आधीच्या तिसऱ्या हिश्श्याला. पण आम्ही लिहून ठेवला तो दुसरा आकडा : शहरात फिरताना गळ्यात कॅमेरा आणि १२-४५, म्हणजे ६६८ ग्रॅम, आणि जॅकेटच्या खिशात ९ मिमी. डेकवर टेलिफोटो लावली तर ७९६. आठशे ग्रॅमच्या वर खांद्यावर कधीच काही येणार नव्हतं.

४०-१५० बोटीतून खाली उतरणार नाही, हा नियम. ती डेकची लेन्स. दुसरा नियम, लेन्स बदलायची ती केबिनमध्येच. डेकवर वारा असतो, हात ओले असतात आणि कठड्यापलीकडे नदी असते.

या निवडीत सोडाव्या लागलेल्या गोष्टीही ताईंना आधीच माहीत होत्या. डी७५० मध्ये दोन कार्डं लागतात, ओएम-५ मध्ये एकच. म्हणून रोज रात्री जेवणाआधी सगळ्या फाइल्स छोट्या एसएसडीवर उतरवायच्या आणि एसएसडी काकांच्या बॅगेत ठेवायची. ओएम-५ चं चार्जिंग जुन्या मायक्रो-यूएसबी केबलने होतं, ती विसरली तर बोटीवर उसनी मिळेलच असं नाही, त्यामुळे दोन केबल्स. बॅटरी छोटी आहे, दिवसभर व्ह्यूफाइंडर वापरला तर एकीत भागत नाही. म्हणून दोन जादा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिन बॅगेतच न्यायच्या असतात, टोकं झाकून. १०० वॉट-अवरची मर्यादा असते आणि या बॅटऱ्या दहाच्याही आत आहेत, तेव्हा तिथे प्रश्न नाही.

लेन्सच्या पिशव्या, क्लीनिंग किट, तीन-तीन फिल्टर असला पसारा मी काढून टाकायला सांगितला. एक पोलरायझर १२-४५ साठी, ५८ मिमीचा, बस्स. पाण्यावरची चकाकी कमी करायला तो खरंच लागतो. ९ मिमीवर पोलरायझर लावूच नये, आकाशात गडद पट्टा उमटतो.

आणि पट्टा. कॅमेऱ्यासोबत येणारा अरुंद पट्टा आखडलेल्या खांद्याला फार त्रास देतो. रुंद, मऊ पट्टा घेऊन तो उजव्या खांद्यावरून आडवा घातला की कॅमेरा डाव्या कमरेशी येतो आणि भार दुखऱ्या बाजूला पडत नाही. विकत घेण्याआधी ताईंनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून सातशे ग्रॅमचा ऐवज एका पिशवीत भरला आणि ती पट्ट्याला अडकवून दोन तास चालून आल्या. खांदा दुखला नाही. ही चाचणी दुकानात पाच मिनिटं कॅमेरा हातात धरून होत नाही.

सामान आणि पट्टा यांनंतर सराव हा तिसरा भाग, आणि तो मला वजनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. निकॉनवर वर्षानुवर्षं काढलेल्या बोटांना ऑलिंपस घराण्याचा (ओएम सिस्टिम हा त्याचाच वारसा) मेनू परका वाटतो. आम्ही डायलच्या तीनच जागा ठरवल्या. डेकवर एस (शटर आपण ठरवायचं), शटर १/६४०, आयएसओ ऑटो. गल्लीत ए (एफचा आकडा आपण ठरवायचा), एफ/४. रात्री एम (दोन्ही आपण ठरवायचं), एफ/१.७ आणि १/६०, कारण कागदावर १/२० येत असलं तरी थरथर आणि वाऱ्याचा हिशोब कागदावर नव्हता. तिथे आयएसओ १२५० च्या आसपास जाईल, जाऊ द्या.

बोटीवर

परतल्यावर ताईंनी सगळ्या फाइल्स दाखवल्या आणि आम्ही त्या माहितीसकट पाहिल्या.

ड्यूर्नश्टाइनची मालिका मला सगळ्यात शिकवणारी वाटली. नदीकाठी निळ्या-पांढऱ्या मनोऱ्याचा मठ, वर डोंगरावर किल्ल्याचे अवशेष. याच किल्ल्यात ११९२-९३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. बोट प्रवाहाबरोबर चालली असेल तर हे गाव डाव्या हाताला येतं, त्यामुळे ताई आधीच डाव्या बाजूला, बोटीच्या पुढच्या भागात उभ्या होत्या. ढगाळ सकाळ. पहिली फ्रेम : ७५ मिमी, एफ/४, १/६४०, आयएसओ २००. शंभर टक्के मोठी करून पाहिली तर मनोऱ्यावरच्या नक्षीच्या कडा स्वच्छ. पुढची फ्रेम त्यांनी मुद्दाम १/१२५ ला काढली, पडताळा म्हणून. छोट्या स्क्रीनवर ती तितकीच छान दिसते. मोठी केली की मनोऱ्याच्या प्रत्येक उभ्या रेषेला आडवी सावली, आणि आडव्या रेषा मात्र धारदार. हात हलला असता तर फराटा कुठल्याही दिशेला गेला असता. इथे तो फक्त आडवा आहे, म्हणजे तो बोटीने काढलाय. स्टॅबिलायझेशन दोन्ही वेळा चालू होतं.

४०-१५० ने त्या दरीतच आपलं काम केलं. व्हिएन्नात आणि ब्रातिस्लाव्हात ती केबिनमध्ये राहिली, आणि ताईंना तिची आठवणही झाली नाही.

लॉकमधून, म्हणजे बोटीला पाण्याच्या वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारबंद हौदातून, जाताना ९ मिमी अनपेक्षित कामाला आली. पासाउ आणि व्हिएन्ना यांच्या दरम्यान ऑस्ट्रियातली लॉक्स २४ मीटर रुंद आहेत. नदीवरच्या लांब क्रूझ बोटींची रुंदी साधारण ११.४ मीटर ठेवतात, कारण त्यांना राइन-माइन-डॅन्यूब मार्गावरच्या १२ मीटरच्या लॉक्समधूनही जायचं असतं. मोठ्या लॉकमध्ये बोट एका भिंतीला खेटून उभी राहते, केबिनच्या खिडकीबाहेर फक्त ओली काँक्रीटची भिंत. पुढच्या टोकाला उभं राहून ९ मिमीने पाहिलं तर दोन्ही भिंती, समोरचं महाकाय दार आणि वरची आकाशाची पट्टी एका फ्रेममध्ये येते. एका संध्याकाळच्या फ्रेममध्ये पाणी उतरल्यावर भिंतीवर राहिलेली शेवाळाची रेघ आणि तिच्यावर पडलेला पिवळा दिवा इतका नेमका आलाय की ताई त्याचा प्रिंट करणार आहेत.

९ मिमीचा एक तापही झाला. इतक्या वाइड लेन्समध्ये बोटीचा कठडा, दोरखंड, शेजारच्याची कोपरं सगळं शिरतं. उपाय एकच : पट्टा गळ्यात पक्का ठेवून कॅमेरा कठड्याच्या बाहेर धरायचा किंवा अगदी पुढचं टोक गाठायचं. आणि तिथे जागा मिळवायला अर्धा तास आधी जायचं.

बुडापेस्टच्या रात्री त्यांनी तेच केलं. सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं, आकाशात निळा रंग अजून शिल्लक असतानाच बोट पुलांखालून सरकत होती. फ्रेम्स एफ/१.७, १/६० च्या, आयएसओ १००० ते १६०० च्या दरम्यान. संसद भवन पूर्ण आलंय, पाण्यातल्या सोनेरी प्रतिबिंबासकट. १/२० ला काढलेल्या काही फ्रेम्सही आहेत. त्यांतल्या पुढच्या भागातून काढलेल्या बऱ्याचशा चांगल्या, मागच्या भागातून काढलेल्या बहुतेक हललेल्या. इंजिनाजवळ उभं राहायचं नाही, हे त्या फ्रेम्सनी सरळ दाखवलं.

जिथे कुठलंच गिअर उपयोगाचं नव्हतं तेही सांगायला हवं. धक्क्यावर बोटी एकमेकींना चिकटून उभ्या करतात, त्यामुळे दोन सकाळी ताईंच्या बाल्कनीसमोर दुसऱ्या बोटीच्या पडद्यांशिवाय काही नव्हतं. काही पूल इतके खाली असतात की वरचा डेक बंद ठेवतात, छत आणि कठडे आडवे घालतात. तेव्हा लाउंजच्या काचेतूनच काढावं लागतं. लेन्स हूड काचेला जवळजवळ टेकवून, पण दाबून नाही, आणि वरून गडद शाल घेऊन ताईंनी ते निभावलं. ज्या मठ-चर्चमध्ये फोटोला मनाई होती तिथे कॅमेरा बॅगेत राहिला आणि त्यांनी नुसतं पाहिलं.

खांदा दुखला नाही. संध्याकाळी कॅमेरा खाली ठेवावासा वाटला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आधीच्या प्रवासांत चारनंतर तो बॅगेत जायचा, आणि चांगला प्रकाश तर त्यानंतरच येतो.

दुसऱ्या नदीवर हे सामान असंच चालेल का, हे आता ताई विचारतायत. जर्मनीतल्या राइनच्या बिंगन ते कोब्लेन्झ दरीसाठी काही बदलायची गरज नाही, तिथेही काठ जवळ आणि किल्ले डोंगरावर. नाइलवर कडक ऊन आणि धूळ, तेव्हा ९ मिमीचं काम मंदिरांच्या आतल्या खांबांपुरतं, आणि लेन्स बदलणं आणखी कमी करायचं. पण नदी जर पक्ष्यांसाठी आणि हत्तींसाठी असेल, आफ्रिकेतल्या चोबेसारखी, तर सगळा हिशोब नव्याने. तिथे बोट विषयाजवळ थांबते, म्हणून शटरचा प्रश्न बोटीच्या वेगाचा राहत नाही, पंखांच्या वेगाचा होतो, आणि ३०० मिमी अपुरी पडते. ७५-३०० ही ४२३ ग्रॅमची लेन्स ४०-१५० च्या जागी घेतली तर फुल फ्रेमच्या हिशोबात ६०० मिमी मिळते आणि वजन फक्त ४१ ग्रॅमने वाढतं. ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी अंधारून आल्यावर मंद आहे, तुषारांपासून बंदिस्त नाही, हे दोन तोटे ताईंनी वहीत लिहून घेतलेत.